पाच वर्षांची कैद आणि पाच हजारांची रेघ

लातूर-नांदेडकडे एखादं कारवानी किंवा पश्मी जातीचं कुत्रं चोरीला गेलं, की हमखास मागणी होते: इंग्लंडसारखा कडक कायदा आपल्याकडेही हवा. इंग्लंडमध्ये राहून तो कायदा जवळून पाहणाऱ्याला मागणीमागची तळमळ पटते. पण बोट दुखण्यावर नाही, भलतीकडेच ठेवलेलं आहे.

इथे इंग्लंडमध्ये पाळीव कुत्री-मांजरं पळवण्याविरुद्धचा स्वतंत्र कायदा २४ ऑगस्ट २०२४ पासून लागू आहे. कमाल शिक्षा ५ वर्षं. त्याआधी १९६८ च्या चोरीविषयक कायद्यात ती ७ वर्षं होती! म्हणजे आकडा उलट खाली आला. नवं आहे ते इतकंच, की कुत्र्याला सायकलीच्या रांगेत उभं करून त्याचा भाव विचारत नाहीत.

आपल्याकडे नेमका भावच आडवा येतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये चोरीला ३ वर्षांपर्यंत कैद आहे, पण माल ५,००० रुपयांच्या आतला असेल तर गुन्हा अदखलपात्र ठरतो आणि न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. सोयऱ्याकडून पिल्लू आणलेलं, पावती नाही. ठाण्यात किंमत ५०० लिहिली, की तपास तिथंच थांबला. शेतातला आखाडा राखणाऱ्या जनावराची ही किंमत अन्यायाची आहे; बदल मागायचा तर या रेघेत मागा.

तोवर कलम ३०५ लक्षात ठेवा. राहत्या घरातून किंवा माल ठेवण्याच्या इमारतीतून चोरी झाली तर ७ वर्षांपर्यंत कैद, आणि तिथं ५,००० ची अट नाही. म्हणून कुत्रं कुठून नेलं ते फिर्यादीत नेमकं लिहा. उघड्यावर लिंबाला बांधलेल्या कुत्र्याला हे कलम लावणं अवघड. रात्री ते दाराआड हवं, ते यासाठीही.

इंग्लंडमध्ये २०१६ पासून कुत्र्याला चिप सक्तीची आहे, पिल्लू ८ आठवड्यांचं व्हायच्या आत. तांदळाच्या दाण्याएवढी ही चिप दोन्ही खांद्यांच्या मध्ये कातडीखाली टोचतात. तिच्यात फक्त १५ अंकी नंबर असतो; मालकाचं नाव आणि फोन त्या नंबरापुढं वेगळ्या नोंदीत असतात. कुत्रं कुठं आहे हे ती सांगत नाही. टोचण्याआधी आणि नंतर स्कॅन करून नंबर जुळवा, त्याचं स्टिकर लसीच्या वहीत लावा. चिप कधी कधी खाली, पुढच्या पायाकडे सरकते, म्हणून रेबीजच्या लशीला गेलात की दरवर्षी खांद्यापासून पायापर्यंत स्कॅन करून घ्या. फोन नंबर बदलला आणि नोंद तशीच राहिली, तर चिप असून नसल्यासारखी.

पट्ट्यावर फोन नंबर घाला, कुत्र्याचं नाव नको. नावानं हाक मारली की ते चोराच्याही मागं जातं. दोन्ही कुशींचे, तोंडाचे, जुन्या व्रणाचे फोटो ठेवा. विकत घेतलं असेल तर साध्या कागदावर का होईना, रक्कम आणि सही घ्या.

चोरी झाली तर आधी वाटेवरच्या ढाब्यांचे, पेट्रोलपंपांचे कॅमेरे गाठा. चित्रण थोड्याच दिवसांत पुसलं जातं. ठाण्यात फिर्याद घेतली नाही तर ती लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांना टपालानं पाठवा. शोधाच्या जाहिरातीत एक खूण मुद्दाम लपवा आणि फोन करणाऱ्याला तीच विचारा. कुत्रं पोलिसांना सापडलं तरी कागदावर ते मुद्देमालच असतं. ताब्यासाठी न्यायालयात अर्ज करावा लागतो, आणि त्या अर्जाला तीच लसीची वही जोडायची असते.