दिव्याला टोपी

आमच्या हॉलची शैली कोणती, असं आजवर मला कोणी विचारलं नव्हतं. गृहकर्ज देताना बँकेने विचारलं नाही. रंगारी आठवडाभर घरात मुक्कामाला होता, त्याने विचारलं नाही. जनगणनेच्या बाईंनी तर भिंती कशाच्या, छप्पर कशाचं, फरशी कशाची हे सगळं लिहून घेतलं होतं, पण शैलीचा रकाना त्यांच्याही फॉर्मात नव्हता. तो प्रश्न शेवटी विचारला लॅम्पशेडच्या दुकानातल्या एका मुलीने. तिचं वय आमच्या सोफ्याहून कमी असावं.

"काका, रूमची स्टाइल काय आहे? मॉडर्न, रस्टिक, बोहो, क्लासिक?"

मी बायकोकडे पाहिलं. बायकोने मोबाइलमध्ये हॉलचा फोटो शोधून काढला. त्यात हॉल थोडा आणि केक कापणारे आमचे मेहुणे फार होते. मुलीने दोन बोटांनी फोटो मोठा केला, मेहुण्यांना कडेला सारलं, मागचं एकेक नीट पाहिलं आणि जरा थांबून म्हणाली, "म्हणजे... मिक्स आहे."

हा तिचा चांगुलपणा. आमचा हॉल आहेर शैलीचा आहे. इंटिरियरवाल्यांनी या शैलीची अजून दखल घेतलेली नाही, पण डोंबिवलीपासून कोथरूडपर्यंत निम्मी घरं याच शैलीत उभी आहेत. खोलीतली एकही वस्तू खोलीत राहणाऱ्यांनी निवडलेली नसणं, हे तिचं मुख्य लक्षण. घड्याळ पतपेढीच्या रौप्यमहोत्सवाचं. सोफा सासऱ्यांकडचा, सागवानी, वर मरून रंगाच्या गाद्या. दिवाण आजीचा. पडदे मोरपंखी, कारण वहिनींनी त्यांच्या घरासाठी कापड जास्त आणलं होतं. शोकेसमध्ये शंखांचा गणपती, संगमरवरी ताजमहाल आणि वेगवेगळ्या लोकांनी दिलेले पण एकाच चेहऱ्याने हसणारे बुद्ध. भिंतीचा रंग मात्र आम्ही पसंत केला होता. तो दुकानात संपला होता म्हणून रंगारी "त्याच्या शेजारचाच" घेऊन आला. त्याला आम्ही बदामी म्हणतो.

ज्या दिव्याला शेड हवी होती तोही आहेरातलाच. आत्याने सावंतवाडीच्या चितारआळीतून आणलेला, लाखकामाचा. कातावर फिरणाऱ्या लाकडाला लाखेची कांडी टेकवली की घासण्याच्या उष्णतेनेच रंग वितळून लाकडाला धरतो. तसे लाल, पिवळे, हिरवे पट्टे त्याच्या अंगावर आहेत. बेस इतक्या वर्षांत जरासुद्धा फिकटला नाही. शेड मात्र साठच्या बल्बने खाल्ली. तो जुना पिवळा बल्ब म्हणजे खरं तर शेगडीच होती. वीज घ्यायचा, तिची बहुतेक उष्णताच करायचा आणि जाता जाता थोडा उजेड द्यायचा. शेडला आधी पिवळा डाग पडला, मग तपकिरी, मग भोक. त्या काळात आम्ही शेड बदलली नाही. भोक भिंतीकडे फिरवलं. आता नऊ वॉटचा एलईडी तेवढाच उजेड देतो आणि हात लावला तरी चटका बसत नाही, तेव्हा आम्हाला नवी शेड आठवली.

आठवली म्हणजे बंगळुरूच्या लेकीने आठवून दिली. हॉल रंगवून झाल्यावर आम्ही कौतुकाने व्हिडिओ कॉल लावला, तर ती घाबरून म्हणाली, "बाबा, तुम्ही दवाखान्यात का बसलायत?" ट्यूबलाइटचा प्रताप. मग तिने तासभर वॉर्म लाइट, मूड, कॉर्नर वगैरे समजावलं. तेवढा वेळ माझी आई शेजारी बसून मेथी निवडत होती. कॉल संपल्यावर म्हणाली, "दिव्याला टोपी घाला म्हणतेय ती. एवढंच ना?"

एवढंच असतं तर काय हवं होतं.

दुकानातल्या मुलीने आधी मापं विचारली. शेडची उंची बेसच्या उंचीच्या साधारण दोन तृतीयांश असावी. खालचा घेर बेसच्या रुंदीच्या दुप्पट. आणि शेडची खालची कडा बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीवर यावी, म्हणजे बल्ब डोळ्यांत घुसत नाही. पहिल्या दोन गोष्टी टेपने मोजता आल्या. तिसऱ्या नियमात 'बसलेला माणूस' कोण, ते सांगितलेलं नाही. आई दिवाणावर मांडी घालून बसते. मी सोफ्यावर बसतो, म्हणजे गादी मला जिथवर घेऊन जाते तिथवर जातो. मेहुणे सहा फुटी, आणि त्यांना सोफा सोसत नाही म्हणून ते डायनिंगची खुर्ची ओढून घेतात. कडा त्यांच्या मापाने ठेवली तर आईला खालून बल्ब दिसतो. आईच्या मापाने ठेवली तर मेहुण्यांना वरच्या तोंडातून थेट आतलं दिसतं. घरात यावर चर्चा झाली. बायकोने भावाची बाजू लावून धरली. "तो गणपती-दिवाळीलाच येतो," असं मी म्हणालो. "म्हणूनच येतो," असं उत्तर मिळालं. शेवटी आईने निर्णय दिला की ती दिव्याकडे पाठ करून बसेल, आणि हे तिने ज्या आवाजात सांगितलं त्यामुळे कडा तिच्याच मापाने ठरली.

मग रंग.

शेडच्या दुकानात शेडचा रंग दिसत नाही, हे मला कोणी आधी सांगायला हवं होतं. तिथे छतापासून जमिनीपर्यंत शे-दीडशे दिवे एकाच वेळी पेटलेले असतात. लाल शेडवर शेजारच्या निळीचा उजेड, निळीवर पलीकडच्या सोनेरीचा, आणि या सगळ्यावर छतातल्या पांढऱ्या पॅनेलचा. दुकानात सगळंच सुंदर दिसतं, आपण स्वतःसुद्धा. "घरी लावून बघा, नाही पटली तर परत आणा," असं म्हणून मुलीने अनामत घेतली आणि काही शेडा आमच्या हवाली केल्या. शेडाच म्हणतात ना? आमच्याकडे तरी तेव्हापासून म्हणतात.

कापडाची रंगीत शेड आपल्या रंगाचा उजेड तेवढा बाहेर सोडते, बाकीचा स्वतःकडे ठेवते. शाळेत हे प्रकाशाच्या धड्यात होतं, पण त्याचे कौटुंबिक परिणाम धड्यात नव्हते. हिरवी शेड लावली त्या संध्याकाळी आईने येऊन माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. मरून शेड गाद्यांना मॅच होईल म्हणून आणली होती. ती इतकी मॅच झाली की गाद्या, शेड आणि मी यांतलं काहीच वेगळं ओळखू येईना. निळी शेड पडद्यांसाठी. तिच्याखाली मी पोहे खायला बसलो आणि सहज म्हणालो, "आज हळद राहिली वाटतं." निळ्या उजेडात पिवळा रंग मरतो, हे भौतिकशास्त्र. आमच्याकडे पोह्यांना बोल लावणं हा निराळ्या शास्त्राचा विषय आहे. निळी शेड दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आत दुकानाच्या पायरीवर होती.

मग कळलं की शेडीआधी बल्बचा रंग ठरवायला हवा. खोक्यावर केल्विन, म्हणजे तापमानाच्या मापात उजेडाचा रंग, लिहिलेलं असतं. २७०० म्हणजे पिवळसर, जुन्या बल्बसारखा. ६५०० म्हणजे तो दवाखान्याचा पांढरा. यात केल्विन वाढत जातो तसा उजेड थंड होत जातो, हे आईला अजून मान्य नाही. तापमान वाढलं की थंडी कशी वाजेल, असा तिचा सरळ प्रश्न आहे. आमची अडचण वेगळी होती. २७०० लावला की बदामी भिंत खुलायची, पण मोरपंखी पडदे शेवाळी व्हायचे. ६५०० लावला की पडदे वहिनींच्या घरात दिसायचे तसे दिसायचे आणि भिंत आजारी पडायची. मध्ये ४००० मिळतो. तो लावल्यावर भिंत आणि पडदे दोघंही सारखेच नाराज झाले, आणि बायको म्हणाली, "हे बरंय, कुणावर अन्याय नको."

या टप्प्यावर लेकीने जपानी दिव्याचा फोटो पाठवला. पांढरा, गोल, कागदाचा. सोबत माहिती: इसामू नोगुची नावाच्या शिल्पकाराने १९५१ साली जपानमधल्या गिफू गावी तिथले पारंपरिक कंदील पाहिले आणि त्यावरून तुतीच्या सालीच्या कागदाचे, बांबूच्या कामट्यांचे हे दिवे घडवले; ते आजही हाताने करतात आणि जगभरच्या संग्रहालयांत आहेत. खाली किंमत होती. ती मी आईला रुपयांत सांगितली. आईने चष्मा लावून फोटो बराच वेळ पाहिला. "आकाशकंदील आहे हा," ती म्हणाली. "शेपट्या लावायच्या विसरलेत."

पण त्यामुळे घरच्या घरी करण्याचा विषय निघाला, आणि तो समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंपर्यंत पोहोचला. खणाची शेड कर, असं त्यांनी बायकोला सुचवलं. हल्ली गुळेदगुड्डच्या खणाला चांगले दिवस आलेत; चोळीतून तो बाहेर पडला तो पर्स, तोरण, डायरी, टाय असा कुठे कुठे जाऊन बसलाय, मग दिव्यावर का नाही? तारेचा जुना सांगाडा आणि जांभळा खण घेऊन मी आमच्या टेलरकडे गेलो. त्याने सांगाडा उलटसुलट करून पाहिला आणि माप कुठून घ्यायचं ते विचारलं. मी घेर सांगितला. "यांचा खांदा कुठाय?" त्याने विचारलं. मी म्हटलं, खांदा नाही. "मग उतरेल," असं म्हणून त्याने सांगाडा परत दिला. शेवटी बायकोनेच फेविकॉलने खण चिकटवला. दिसायला फार देखणी झाली, हे मी आजही म्हणतो. पण खणाची वीण घट्ट. उजेड कापडातून बाहेर येईना. वरच्या तोंडातून छतावर आणि खालच्या तोंडातून टेबलावर, एवढाच. टेबलावर बघण्यासारखं काही नव्हतं. छतावर मात्र रंगाऱ्याने दुसरा हात न मारलेला भाग आणि कोपऱ्यातलं सगळं जळमट असं उजळून निघालं, की आलेला प्रत्येक पाहुणा आधी वर बघायचा. ती शेड आता शोकेसमध्ये आहे. बुद्धांच्या मागे.

मॉलमधल्या एका दुकानात मग आम्हाला हवी तशी शेड दिसली. साधी, उभ्या डब्याच्या घाटाची, आतून सोनेरी. आतून सोनेरी असली की बाहेर पडणारा उजेड पिवळट आणि मऊ होतो, पांढरं अस्तर असलं की स्वच्छ. इथवर आमचा अभ्यास झाला होता. घरी आणून बसवली तर ती होल्डरवरून घसरून थेट बेसच्या गळ्यात पडली. आपल्या घरांतला दोन खिळ्यांचा पिन होल्डर २२ मिलिमीटरच्या बल्बसाठी असतो आणि त्याला शेडचं कडं २९ मिलिमीटरच्या आसपासचं लागतं. ही शेड युरोपातल्या आट्यांच्या होल्डरसाठी होती. कडं ४० मिलिमीटरचं. दुकानातल्या माणसाने ती परत घ्यायला नकार दिला. "सर, प्रॉडक्टमध्ये काही फॉल्ट नाहीये, तुमचा होल्डर लहान आहे," हे त्याने ज्या सहानुभूतीने सांगितलं, त्यामुळे मी घरी येईपर्यंत गप्प होतो.

यावर तोडगा बुधवार पेठेत तापकीर गल्लीत निघाला. तिथे विजेची वस्तू मिळत नाही असं होत नाही; आपल्याला तिचं नाव माहीत नसतं, इतकंच. मी काउंटरवर हातवारे करून 'मोठं भोक लहान करायची चकती' असं काहीसं सांगितलं. दुकानदाराने फोनवरचं बोलणं न थांबवता, मागे न बघता हात घालून प्लॅस्टिकची रिंग काढून दिली. पैसे किरकोळ. पार्किंग त्याहून महाग पडलं. बाहेर पडताना माझ्या हातातली सोनेरी अस्तराची शेड पाहून मात्र तो फोन कानावरून काढून म्हणाला, "साहेब, आत व्हाइटच घ्यायची. गोल्डनमध्ये पेपर वाचता येत नाही."

त्याचं खरं होतं. पण आता परत जायचं त्राण कोणातच नव्हतं.

तर ती शेड लागली. बाहेरून मोतिया रंगाची, म्हणजे ज्या रंगाचं कोणाशीच वाकडं नाही. बल्ब २७०० चा. पडदे शेवाळी दिसतात, आणि वहिनी येतात तेव्हा आम्ही ट्यूब लावतो. पहिल्याच पावसात आत पाल शिरली आणि तिची सावली शेडवर हातभर झाली. आत्या नेमकी तेव्हा समोर बसली होती. ती उठली ती सरळ स्वयंपाकघरात जाऊन थांबली, आणि "मी दिलेला दिवा असा नव्हता," असं तिथूनच म्हणाली. वरच्या तोंडातून पावसाळी किडे पडतात, ते रविवारी काढायचे हे काम माझ्याकडे आलंय.

एका गोष्टीचा निकाल मात्र लागलेला नाही. शेडवरचं पारदर्शक प्लॅस्टिक बायको काढू देत नाही. धूळ बसते, आणि कापडाची शेड धुता येत नाही, हा तिचा मुद्दा बिनतोड आहे. पण प्लॅस्टिकमुळे शेडवर चकाकी येते, आणि ज्या मऊ उजेडासाठी एवढं केलं तो प्लॅस्टिकच्या चुण्यांमधून पट्ट्यापट्ट्यांनी भिंतीवर पडतो. लेक दिवाळीला आली तेव्हा तिने दार उघडताच ते ओढून काढलं; ती गेल्यावर तेच प्लॅस्टिक इस्त्री केल्यासारखं परत चढलं, मागून सेफ्टी पिन लावून. हल्ली तह असा आहे की बेल वाजली की आधी दाराच्या भिंगातून कोण आलंय ते बघायचं आणि मग प्लॅस्टिक काढायचं की नाही ते ठरवायचं. सोसायटीचे सेक्रेटरी आले तर काढतो. कुरिअरवाल्यासाठी काढत नाही. मेहुण्यांसाठी काढायचं का, यावर अजून एकमत झालेलं नाही.