सेन्सर नव्हता गेला, काका!

‘पिवळा दिवा लागला आणि स्कॅनरवर लीन आलं, की ऑक्सिजन सेन्सर गेला म्हणून समजा. बदला, नाहीतर सरळ सॉकेट काढून ठेवा, अ‍ॅव्हरेज वाढतं. दिवा तरी जाईना तर बॅटरी दहा मिनिटं काढा. सगळा ई२० पेट्रोलचा प्रताप.’ असला मेसेज फिरतोय. (पिवळा दिवा म्हणजे डॅशबोर्डवरचा इंजिनाचा, ऑक्सिजन सेन्सर म्हणजे धुरातला ऑक्सिजन मोजणारा, ई२० म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल.) फिरेना का, म्हणून मी गप्प होतो. पण तो आमच्या काकांकडे पोचला आणि त्यांनी साडेचार हजार मोजून सेन्सर बदलला. चौथ्या दिवशी दिवा परत हजर!

काकांच्या गाडीत स्कॅनरने दाखवलेला बिघाडाचा कोड होता पी०१७१. हे कोड एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या जे२०१२ या मानकात ठरवलेले आहेत, आणि तिथे याचा अर्थ एवढाच: ‘सिस्टिम टू लीन, बँक १’. पेट्रोलच्या मानाने हवा जास्त. यात सेन्सरचं नाव कुठे आहे? सेन्सरच्या सर्किटचे आणि हीटरचे कोड वेगळे, पी०१३० पासून पुढचे. त्यातला पी०१३१ (सेन्सरचा व्होल्टेज कमी) आला तरी आधी तपासायचं, मग पाकीट काढायचं.

तपासणं अवघड नाही. जुन्या धाटणीचा सेन्सर साधारण ०.१ ते ०.९ व्होल्ट देतो, ०.४५ च्या खाली लीन, वर रिच, म्हणजे पेट्रोल जास्त. (बऱ्याच नव्या गाड्यांत वाइडबँड नावाचा वेगळ्या प्रकारचा सेन्सर असतो, तिथे हे आकडे लावू नका.) काकांचा ०.१ वर चिकटलेला. इंजिन चालू ठेवून इनटेकमध्ये कार्ब क्लीनरचा बारीक फवारा दिला, तर आकडा टुणकन ०.८ वर. मेलेला सेन्सर उडी मारत नाही.

मग फ्युएल ट्रिम पाहिला, म्हणजे ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) ठरल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतोय किंवा कमी करतोय ते. आयडलला अधिक २२ टक्के, २५०० आरपीएमला अधिक ६. आयडलला चढतो आणि आरपीएम वाढवले की उतरतो, म्हणजे हवा कुठूनतरी आत येतेय हे उघड. सकाळी थंड इंजिन सुरू करताना बारीक टकटक यायची आणि गरम झाल्यावर थांबायची, हे काकांनी विचारल्यावर सांगितलं. उष्णतारोधक पत्रा काढला तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (इंजिनातला धूर गोळा करणाऱ्या नळ्यांच्या) गॅस्केटपाशी काजळीचा काळा फराटा. धुराच्या धक्क्यांमधल्या पोकळीत तिथून बाहेरची हवा ओढली जायची, सेन्सर ती इमानदारीत मोजायचा आणि ईसीयू बिचारा पेट्रोल वाढवत बसायचा. म्हणजे कोड लीनचा आणि इंजिन प्रत्यक्षात रिच!

सॉकेट काढायचा सल्ला देणाऱ्याला मात्र कोपरापासून नमस्कार. सेन्सर तोडला की ईसीयू ठरीव नकाशावर चालतं आणि बहुतेकदा गरजेपेक्षा जास्त पेट्रोल सोडतं. अ‍ॅव्हरेज वाढणार कुठून? न जळलेलं पेट्रोल कॅटकॉनमध्ये (धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये) जाऊन पेटतं, आतली जाळी वितळू शकते. कॅटकॉनची किंमत एकदा विचारून या, मग बोलू. शिवाय सॉकेट काढल्याचा नवा कोड येतो, दिवा जळतोच.

बॅटरी काढल्याने कोड आणि शिकलेला ट्रिम पुसला जातो, दोष जागच्या जागी. पुढे.

ई२० बद्दल अर्धं खरं आहे, मान्य करतो, नाइलाजाने. साध्या पेट्रोलला वजनाच्या १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट. त्यामुळे ई२० वर ईसीयूला पेट्रोल थोडं वाढवावंच लागतं, ट्रिम काही टक्के चढतो. आधीच गळती असलेली गाडी त्या भराने मर्यादा ओलांडू शकते. पण त्याने सेन्सर जात नाही, आणि धडधाकट गाडीत तेवढ्यावर दिवा लागायला नको.

गॅस्केट बदललं, ट्रिम अधिक ४ वर आला. काकांनी जुना सेन्सर डिकीत टाकला होता, तोच परत बसवून पाहिला. तीन आठवडे झाले, दिवा नाही. नवा खोक्यात घालून परत करायला गेलो, तर दुकानदार म्हणाला, ‘इलेक्ट्रिकचा माल रिटर्न होत नाही.’ सध्या तो टीव्हीखालच्या कपाटात आहे.