राखेतला दाणा माणसाचा की ढोरांचा?

तापीकाठच्या ताम्रपाषाणयुगीन (तांब्याची नि दगडाची हत्यारं वापरायच्या काळातल्या) गावांवरचा लेख छान आहे, पण ‘चुलीच्या राखेत सापडलेले जळके दाणे म्हणजेच त्या लोकांचं रोजचं जेवण’ हे काही पटलं नाही. आमच्या चोपड्याकडे अजून गोवऱ्यांवर पाणी तापवतात. एक गोवरी मोडून बघा: कडब्याचं तूस, गवताचं बी, मधूनच गायीला न पचलेला ज्वारीचा अख्खा दाणा. गोवरी धुमसत जळते, त्यामुळे असं बी राख न होता कोळसा होऊन टिकतं. ते आधी ढोरांच्या पोटातून आलेलं असतं! भरिताचंही तेच. वांगी भाजतो पऱ्हाट्यांवर, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांवर. मागे राहिलीच तर एखाद्या बोंडातली करपलेली सरकी. मग काय, खान्देशी माणूस सरकी खायचा म्हणायचं?

दुसरं, तापीकाठच्या प्रकाशा गावच्या उत्खननात ‘फारसं धान्य मिळालं नाही’ यावरून लगेच शेती बेताची ठरवू नये. पुरातत्त्वज्ञ बी. के. थापरांचं तिथलं उत्खनन 1954-55 चं. माती पाण्यात कालवून वर तरंगलेलं जळकं बी बारीक चाळणीत धरायची पद्धत तेव्हा रुळलेली नव्हती. माशांचे बारीक काटेसुद्धा चाळणीशिवाय हाती लागत नाहीत. आणि आपली काळी माती उन्हाळ्यात हातभर भेगाळते, त्यातून यंदाचं बी खाली जातं, मुंग्या नेतात ते वेगळंच. त्यामुळे न जळलेला दाणा खोल थरात मिळाला तरी त्याचं वय थेट मोजल्याशिवाय जुना धरू नये. लेखात याचा उल्लेख हवा होता.