गुडघेदुखीच्या तक्रारीस योगवर्गाच्या संचालिकेचे उत्तर

सप्रेम नमस्कार.

आमच्या सदाशिव पेठेतील योगवर्गाला दोन तारे देऊन आपण लिहिलेला अभिप्राय मी वाचला. उत्तराला चार दिवस लागले, कारण त्या संध्याकाळी वर्गावर असलेल्या दोन्ही शिक्षिकांशी आधी बोलणे आवश्यक होते. आपली तक्रार थोडक्यात अशी आहे: गुडघा दुखतो आणि खुबा एका बाजूला झुकलेला आहे हे प्रवेश घेतानाच सांगूनही बद्धकोनासनात (तळपाय जोडून, गुडघे बाजूंना सोडून बसण्याच्या आसनात) बदली शिक्षिकेने मांड्या वरून दाबल्या व गुडघा तीन दिवस दुखत राहिला, त्यानंतर आपल्याला भिंतीकडेला खुर्ची आणि आधाराच्या लाकडी विटा देऊन बसवले, पद्मासन शिकवलेच नाही, आणि दीड महिना येऊनही खुबा सरळ झाला नाही. आपण स्वतः जाहीर केले आहे तेवढ्याविषयीच मी येथे लिहीत आहे.

पहिली गोष्ट पूर्णपणे आमची चूक आहे आणि तिच्याबद्दल मी आपली क्षमा मागते. आपल्या अर्जावर गुडघ्याची नोंद होती आणि तिच्याखाली मी स्वतः लाल रेघ मारली होती. पण तो अर्ज कार्यालयाच्या कपाटात होता आणि नेहमीच्या शिक्षिका रजेवर असल्याने बदली शिक्षिकेच्या हाती फक्त हजेरीची वही होती. कपाटातल्या लाल रेघेचा कोणाच्याच गुडघ्याला उपयोग नाही. आता अशी खूण हजेरीच्या वहीत नावापुढेच केली जाते.

शिवाय, नोंद असो वा नसो, तसा दाब कोणालाही द्यायला नको होता. बद्धकोनासनात गुडघे जमिनीकडे जातात ते मांडीचे हाड खुब्याच्या खोबणीत बाहेरच्या बाजूला फिरते म्हणून. खुबा जिथे अडतो तिथे वरून जोर लावला, तर तो जोर गुडघ्याच्या आतल्या बाजूवर येतो, आणि गुडघा हा मुख्यतः दाराच्या बिजागरीसारखा वाकणारा सांधा असल्याने त्याला असा पीळ सोसत नाही. गुडघा खाली जात नाही याचे कारण बहुतेक वेळा गुडघ्यात नसतेच. योग्य पद्धत अशी होती की, घडीच्या दोन-तीन ब्लँकेटांवर बसवून बैठक उंच करायची, पाठ भिंतीला टेकवायची, टाचा शरीरापासून थोड्या लांब ठेवायच्या आणि दोन्ही मांड्यांखाली आधार द्यायचा, म्हणजे पाय लोंबकळत नाहीत आणि जांघ आपल्या वेळेने सैल होते.

पद्मासनाबाबत मात्र मी आपल्याशी सहमत नाही. पाऊल उचलून विरुद्ध मांडीवर ठेवताना लागणारे फिरणे खुब्यातून यावे लागते. ते तिथून आले नाही, तर पाऊल हाताने ओढून मांडीवर बसवता येते, पण ती किंमत गुडघ्यातली गादी आणि हाडे जोडणारे बंध चुकवतात. आपल्या शेजारच्या भगिनी पद्मासनात बसत होत्या, त्यांच्या खोबणीची ठेवण वेगळी आहे. त्यात त्यांचे कौशल्य नाही आणि आपली उणीवही नाही. गुडघे दुमडून टाचांच्या मध्ये बसण्याच्या वीरासनाचेही तेच: टाचांमध्ये लाकडी वीट ठेवून तिच्यावर बसल्यानेही गुडघ्यात कळ येत असेल, तर विटेची उंची वाढवायची, तरीही येत असेल तर ते आसन सोडून द्यायचे.

विटा, पट्टे आणि खुर्ची यांना आपण ‘म्हाताऱ्यांचा योग’ म्हटले आहे. पुण्यात हे वाचून थोडे आश्चर्य वाटले. योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार गुरुजी १९३७ साली या शहरात शिकवायला आले, १९७५ साली शिवाजीनगरात त्यांची संस्था उभी राहिली, आणि ही साधने जगभर पोहोचली ती त्यांच्याच शिकवणीतून. (आमचा वर्ग त्या संस्थेशी संलग्न नाही, तसा दावाही आम्ही केलेला नाही.) त्रिकोणासनात, म्हणजे पाय फाकवून बाजूला झुकताना, हाताखाली वीट दिली की धड पुढे कोसळत नाही आणि पुढच्या पायाच्या गुडघ्याची वाटी वर खेचून धरण्याकडे लक्ष देता येते, नाहीतर गुडघा मागे ढकलून त्याच्यावरच तोल टाकण्याची सवय लागते. आपल्याला भिंतीपाशी नेले ते आधारासाठी, पण ते का हे कोणी समजावले नाही, त्यामुळे ती शिक्षा वाटली असेल तर नवल नाही.

खुब्याविषयी स्पष्ट लिहिते. एक पाय आखूड भासणे किंवा कंबर एकीकडे कलणे हे स्नायू आखडल्यामुळे असेल, तर नियमित सरावाने फरक पडू शकतो. हाडाची लांबी किंवा खोबणीची घडण कोणत्याही आसनाने बदलत नाही. यातले आपले कोणते, हे हाडांच्या डॉक्टरांनी तपासून सांगायचे, आम्ही नजरेने नाही. आमच्या जुन्या पत्रकात ‘खुबा व मणका सरळ करा’ असे शब्द होते हे मला नाकारता येणार नाही. तो मजकूर माझाच होता आणि ते पत्रक आता काढून टाकले आहे. गुडघ्यावर सूज असेल, तो मध्येच अडकत असेल किंवा चालताना दगा देत असेल, तर आधी डॉक्टरांकडे जावे, वर्ग नंतर पाहता येईल.

आपण लिहिले नाही, तरी एक गोष्ट मला खटकते: आमचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर आहे, वाड्याच्या जागी उभ्या राहिलेल्या या जुन्या इमारतीला लिफ्ट नाही, आणि दुखरा गुडघा चढण्यापेक्षा उतरताना अधिक कुरकुरतो. मंगळवारी व शुक्रवारी सकाळी आठ वाजता तळमजल्यावरील खोलीत सहा जणांचाच वर्ग असतो. तो आपल्याला प्रवेशाच्या दिवशीच सुचवायला हवा होता.

तीन महिन्यांच्या शुल्कापैकी उरलेल्या दीड महिन्याचे ३,००० रुपये परत मिळतील. पावती दाखवण्याची गरज नाही, आमच्या वहीत नोंद आहे. आपली निळी चटईही येथेच राहिली आहे. ती घ्यायला वर चढू नये, तळमजल्यावरून फोन करावा, कोणीतरी खाली आणून देईल.