दहा हजार वर्षं जुना स्रोत थंड का पडत नाही?

नमस्कार. तुमचा आक्षेप असा, की परग्रहवासी नामशेष होऊन दहा हजार वर्षं उलटली तरी त्यांचं ऊर्जायंत्र धगधगतंय आणि जवळ जाणाऱ्याला मारतंय, हे स्पेस ऑपेरातलं, म्हणजे अंतराळातल्या साहसकथांतलं, निव्वळ थोतांड आहे. कुठलंही इंधन तोवर विझणारच.

अंतराळयानांत वापरतात तशा किरणोत्सारी इंधनापुरतं हे अगदी खरं. व्हॉयेजर यानांमधल्या प्लुटोनियम-२३८चं अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मं उरायला लागणारा काळ, ८७.७ वर्षं. त्याच्या एका किलोतून सुरुवातीला साडेपाचशे वॅटच्या आसपास उष्णता मिळते, हजार वर्षांनी अर्धा वॅटही नाही. आफ्रिकेतल्या गॅबनमधली ओक्लोची नैसर्गिक अणुभट्टी, म्हणजे युरेनियमच्या साठ्यात आपोआप पेटलेली, तीही कधीच विझली.

पण छोटं कृष्णविवर नेमकं उलट वागतं. भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांनी १९७४ साली मांडलेलं त्याचं प्रारण, म्हणजे विवरातून बाहेर पडणारी ऊर्जा, अजून कुणी प्रत्यक्ष टिपलेलं नाही, हे मान्य. गणित मात्र स्पष्ट आहे: वस्तुमान घटलं की तापमान चढतं, आणि तापमान चढलं की वस्तुमान आणखी वेगाने घटतं. एक कोटी टनांचं विवर घ्या. ढोबळमानाने ते पंधरा हजार वर्षं टिकेल आणि पहिल्या दिवसापासून शेकडो टेरावॅट (एक टेरावॅट म्हणजे एक लाख कोटी वॅट) ओकेल. आज अख्खी मानवजात वीसेक टेरावॅट वापरते. तुमच्या दहा हजार वर्षांनंतर त्याचं वस्तुमान सत्तर टक्क्यांवर आलेलं असेल आणि तेज दुपटीवर गेलेलं. म्हणजे मालक गेले तेव्हापेक्षा ते आज जास्त घातक आहे.

ते बंद करता येत नाही. वस्तुमान वाढवून थंड करावं म्हटलं, तर त्याची त्रिज्या प्रोटॉनच्या सुमारे पन्नासाव्या हिश्शाएवढी. त्यात पदार्थ कोंबणार कसा, तोही बाहेर फेकल्या जाणाऱ्या प्रारणाच्या विरुद्ध? विद्युतभार देऊन चुंबकीय पिंजऱ्यात धरावं, तर एवढं तप्त विवर तो भार कणांच्या रूपात झटकून टाकतं. शिवाय न्यूट्रिनोंतून, म्हणजे पदार्थातून आरपार जाणाऱ्या सूक्ष्म कणांतून, जाणारा वाटा कुठल्याच आवरणाला अडत नाही, तो फुकटच जातो.

लेखक चुकतात ते वेगळ्याच जागी. असं विवर जहाजं गिळताना दाखवतात! एक मीटरवर त्याची ओढ पृथ्वीच्या गुरुत्वाच्या पंधराव्या हिश्शाइतकीच असते. मारतात ते गॅमा किरण. शंभर किलोमीटरवरही त्याचा मारा आपल्याकडच्या भर दुपारच्या उन्हाहून जास्त असतो, आणि अंतर निम्मं केलं की तो चौपट होतो.

कथेतल्या नायिकेला विवराचा उरलेला काळ मोजायचा असेल तर दुरून गॅमा वर्णपट, म्हणजे कुठल्या ऊर्जेचे किरण किती हे, घेणं पुरे. त्यावरून तापमान, तापमानावरून वस्तुमान, वस्तुमानाच्या घनावरून आयुष्य. वस्तुमान निम्मं झालं की आयुष्याचा आठवा हिस्साच उरतो. शेवटच्या एका सेकंदात किमान दोनशे टन वस्तुमानाची ऊर्जा होते. ५० मेगाटनांचे झार बॉम्ब (आजवर फोडलेला सर्वांत मोठा अणुबॉम्ब) ऐंशी हजारांहून जास्त लागतील तेवढी.