‘कुत्रा आपली वेळ स्वतः निवडतो’: एका घातक संदेशाला उत्तर

व्हॉट्सॲपवर सध्या मराठीत एक लांबलचक संदेश फिरतो आहे. त्यात एकापाठोपाठ एक असे दावे आहेत: म्हाताऱ्या, आजारी कुत्र्याला इंजेक्शन देऊन झोपवणे हा खून आहे. कुत्रा आपली वेळ ओळखतो, अन्नपाणी सोडतो आणि झोपेतच शांतपणे जातो. तो खातो आहे आणि शेपूट हलवतो आहे तोवर त्याला काही दुखत नसते. दुखतेच आहे असे वाटले तर घरातली वेदनाशामक गोळी अर्धी करून द्यावी. इंजेक्शनने जनावर तडफडून मरते. भारतात हे बेकायदेशीर आहे. आणि युधिष्ठिराने स्वर्गाच्या दारातही कुत्र्याला सोडले नाही. दादरला राहणाऱ्या माझ्या आत्याकडे तो सोसायटीच्या ग्रुपवरून आला. तिच्या 13 वर्षांच्या लॅब्राडॉरची मूत्रपिंडे निकामी होत आली आहेत आणि मागचे पाय उचलत नाहीत. संदेश वाचून तिने डॉक्टरांशी ठरवलेली वेळ रद्द केली. ज्या कोणी हा मजकूर लिहिला त्याने तिच्या कुत्र्याला पाहिलेले नाही आणि ज्यांनी तो पुढे ढकलला त्यांनी तो तपासलेला नाही, म्हणून हे उत्तर.

सर्वांत घातक दावा आधी घेणे भाग आहे, कारण बाकीचे सगळे त्याच्याच आधारावर उभे आहे. कुत्रा अन्न सोडतो आणि शांतपणे जातो, हे वाचायला बरे वाटते. प्रत्यक्षात मूत्रपिंडे काम करेनाशी झाली की शरीरातली टाकाऊ द्रव्ये रक्तात साठत जातात, त्यामुळे सतत मळमळते, जिभेवर आणि हिरड्यांवर व्रण पडतात, श्वासाला अमोनियासारखा उग्र वास येऊ लागतो. कुत्रा ताटलीपाशी येतो, वास घेतो, ओठ चाटतो आणि मान फिरवतो. तो उपवासाला बसलेला नसतो. त्याला पोटात ढवळत असते आणि तोंडातल्या जखमांमुळे घास गिळवत नसतो. पुढे उलट्या, शरीरातले पाणी कमी होणे, कधी झटके, असे हे काही दिवस आणि कधी काही आठवडे चालते. या सगळ्याला ‘त्याने आपली वेळ निवडली’ असे म्हणणे म्हणजे त्याच्या यातनांवर आपल्या सोयीचा अर्थ लादणे आहे.

हृदयाच्या आजाराचे चित्र याहून वाईट आहे. मुंबईतल्या छोट्या फ्लॅटमध्ये जे स्पिट्झ आणि पॉमेरेनियन दिसतात, तशा लहान जातींच्या कुत्र्यांत उतारवयात हृदयाची झडप नीट मिटेनाशी होते आणि शेवटी फुप्फुसांत पाणी साठते. असा कुत्रा आडवा होऊ शकत नाही, कारण आडवे झाले की तो गुदमरतो. मग तो कोपरे बाहेर काढून, मान पुढे ताणून रात्र रात्र बसून राहतो. गाढ झोपेत कुत्र्याचे श्वास मिनिटाला 30 च्या आत असावेत असे डॉक्टर सांगतात आणि ते घरीच मोजायला शिकवतात. आकडा वारंवार त्यावर जाऊ लागला तर डॉक्टरांकडे जायचे असते; वेळ आपोआप येण्याची वाट पाहत बसायचे नसते.

आणि जो कुत्रा उठूच शकत नाही, त्याचा पावसाळा कसा जातो हे या संदेशाच्या लेखकाने एकदा जवळून पाहावे. लघवीने भिजलेली कातडी हुळहुळी होते, कुशीवर आणि ढुंगणाच्या हाडांवर जखमा पडतात, दमट हवेत त्या वाळत नाहीत, माश्या त्यांत अंडी घालतात आणि बघता बघता अळ्या पडतात. दिवसभर सगळे कामावर असलेल्या घरात त्याला दर दोन-तीन तासांनी कूस बदलून देणारे कोणी नसते. झोपेत जाणारे कुत्रे असतात, हे खरे. पण ते अपवाद आहेत आणि त्या अपवादाच्या आशेवर बाकीच्यांना ताटकळत ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही.

दुसरा दावा खाण्याचा आणि शेपटीचा. विशेषतः लॅब्राडॉरच्या बाबतीत ‘खातो आहे म्हणजे ठीक आहे’ हा निकष निरुपयोगी आहे. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी 2016 मध्ये दाखवून दिले की साधारण चारांपैकी एका लॅब्राडॉरमध्ये भुकेच्या नियंत्रणाशी संबंधित एका जनुकाचा तुकडा गळालेला असतो आणि असे कुत्रे अन्नामागे अधिक धावतात. शेपटीचेही तसेच: घरचे माणूस दारात दिसले की दुखणारा कुत्राही शेपूट हलवतो, कारण ते त्याचे आपल्याशी असलेले नाते आहे, तब्येतीचा अहवाल नव्हे. दुखण्याच्या खुणा वेगळ्या असतात आणि त्या सहसा आवाजात नसतात. बसल्या जागी धाप लागणे, रात्री पुन्हा पुन्हा जागा बदलणे, एकच जागा चाटत राहणे, हात लावताच अंग आखडणे, जिन्यापाशी थबकणे, घरातल्यांपासून दूर पलंगाखाली किंवा बाथरूममध्ये जाऊन पडणे. कुत्रा विव्हळत नाही म्हणून त्याला दुखत नाही, हा निष्कर्ष माणसाचा आहे.

मग ठरवायचे कशावर? याचे उत्तर बरीच वर्षे उपलब्ध आहे. ॲलिस व्हिलालोबोस या अमेरिकेतील पशु-कर्करोगतज्ज्ञ डॉक्टरांनी 2004 मध्ये सात गोष्टींची एक मोजपट्टी मांडली: वेदना, भूक, शरीरातील पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस अधिक आहेत का. प्रत्येकाला 0 ते 10 गुण द्यायचे. बेरीज 35 च्या वर असेल तर काळजी घेत पुढे जाता येते. खाली घसरू लागली तर डॉक्टरांशी शेवटाबद्दल बोलायला हवे. वेदनेच्या सदरात त्यांनी श्वास नीट घेता येतो की नाही हे सर्वांत आधी धरले आहे, कारण श्वासासाठी धडपडणे ही सर्वांत मोठी यातना आहे. या मोजपट्टीचे मोल मला यासाठी वाटते की ती एका क्षणावर किंवा एका खुणेवर निर्णय टाकत नाही. आज त्याने बिस्किट खाल्ले म्हणून आशा आणि उद्या तो पडला म्हणून रडारड, या हेलकाव्यांतून ती माणसाला बाहेर काढते. घरातल्या दोघांनी वेगवेगळे गुण द्यावेत, दर तीन-चार दिवसांनी द्यावेत आणि कॅलेंडरवर चांगल्या-वाईट दिवसांची खूण करावी. आजी, मुले आणि नोकरीवर जाणारे यांना एकाच कुत्र्याचे वेगवेगळे तास दिसतात, ते अशा नोंदीत एकत्र येतात.

माणसांच्या वेदनाशामक गोळीबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही, फक्त ठामपणे सांगायचे आहे: देऊ नका. आयब्युप्रोफेनने कुत्र्याच्या जठरात व्रण होऊन रक्तस्राव होतो आणि मूत्रपिंडे बंद पडू शकतात. डायक्लोफेनॅकही तितकेच धोक्याचे आहे. पॅरासिटामॉलचा डोस चुकला तर यकृत जाते. ज्याची मूत्रपिंडे आधीच गेली आहेत अशा कुत्र्याला अर्धी गोळी देण्याचा सल्ला एखाद्या ‘प्राणिप्रेमी’ संदेशात असावा, याचा मला मनस्वी संताप आहे. कुत्र्यांसाठी वेगळी वेदनाशामके आहेत आणि ती रक्त तपासून, वजनानुसार डॉक्टर देतात.

इंजेक्शनने जनावर तडफडते, हा दावा अर्धसत्य आहे आणि ते अर्धे सत्य नाइलाजाने का होईना, मान्य केले पाहिजे. योग्य पद्धतीत आधी गुंगीचे औषध देतात, पुढच्या पायाच्या शिरेत सुई बसवतात आणि मग थायोपेंटोन किंवा पेंटोबार्बिटल अशा भूल देणाऱ्या औषधाचा मोठा डोस देतात. काही सेकंदांत शुद्ध हरपते, त्यानंतर श्वास आणि मग हृदय थांबते. डोळे उघडे राहतात, एखादा खोल श्वास येतो, स्नायू थरथरतात, लघवी होते. हे सगळे शुद्ध गेल्यानंतरचे असते, पण कोणी आधी सांगितले नसेल तर पाहणाऱ्याला तो तडफडला असेच वाटते. मात्र शुद्धीत असलेल्या जनावराला थेट मॅग्नेशियम सल्फेट किंवा पोटॅशियम क्लोराइड देणे ही खरोखरच क्रूर पद्धत आहे आणि अमेरिकन पशुवैद्यक संघटनेची मार्गदर्शक तत्त्वे ती स्पष्टपणे अमान्य करतात. म्हणून डॉक्टरांना दोन प्रश्न न लाजता विचारावेत: आधी भूल देणार का, आणि नंतर कोणते औषध वापरणार? नीट उत्तर मिळाले नाही तर दुसरे डॉक्टर शोधावेत.

कायद्याचे थोडक्यात. भटक्या कुत्र्यांना सरसकट मारण्यावर बंदी आहे. संदेशाने ती बंदी आणि असाध्य आजाराने पिचलेल्या घरच्या कुत्र्याचे दयामरण यांची गल्लत केली आहे. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाचे कलम 3 प्राणी सांभाळणाऱ्यावरच त्याला अनावश्यक वेदना होऊ न देण्याचे कर्तव्य टाकते, आणि 2023 च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांतसुद्धा असाध्य आजारी किंवा प्राणघातक जखमी भटक्या कुत्र्यांसाठी पशुवैद्यकाच्या हातून वेदनारहित मृत्यूची तरतूद आहे.

पापाचा मुद्दा मी हलका मानत नाही, कारण आत्या याच मुद्द्यावर अडली. युधिष्ठिराने कुत्र्याला सोडले नाही, हे महाभारतातच आहे. पण ती कथा आपल्यावर विसंबून आलेल्याला एकटे न टाकण्याची आहे, त्याच्या यातना लांबवण्याची नाही. आणि अहिंसेचाच आधार हवा असेल तर 1928 साल आठवावे. साबरमती आश्रमातले एक वासरू असाध्य दुखण्याने तळमळत होते, कूसही बदलू शकत नव्हते. गांधीजींनी डॉक्टरांकडून इंजेक्शन देववून त्याच्या यातना संपवल्या आणि ते ‘नवजीवन’ व ‘यंग इंडिया’ या आपल्या साप्ताहिकांत उघडपणे लिहिले. रुग्णाच्या भल्यासाठी सुरी चालवणारा शल्यवैद्य हिंसा करत नाही, तसेच क्वचित पीडिताच्याच हितासाठी प्राण देहापासून वेगळा करावा लागतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यांच्यावर संतप्त पत्रांचा भडिमार झाला, पण त्यांनी आपले म्हणणे मागे घेतले नाही. अहिंसेसाठी आयुष्य वेचलेल्या माणसाने जे विचारपूर्वक केले, त्याला एका निनावी संदेशाने खून ठरवावे हे मला सहन होत नाही.

एक गोष्ट मात्र संदेश लिहिणाऱ्याच्या बाजूने जाते: काही घरे घाई करतात. इमारत पुनर्विकासाला गेली, भाड्याच्या घरात कुत्रा चालत नाही, लिफ्ट नसलेल्या चौथ्या मजल्यावर त्याला उचलून नेणे जमत नाही, म्हणून बऱ्या होऊ शकणाऱ्या कुत्र्याचा शेवट करायला निघणारी माणसे आहेत. म्हाताऱ्या कुत्र्याची मान एकाएकी तिरकी होते, तो गोल फिरून पडतो, डोळे भिरभिरतात आणि सगळ्यांना पक्षाघात वाटतो. पुष्कळदा तो कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेचा बिघाड असतो आणि एक-दोन आठवड्यांत कुत्रा सावरतो. सांधेदुखीने न उठणारा कुत्रा औषधाने, वजन कमी करून आणि गुळगुळीत लादीवर चटई टाकून बराच काळ सुखाने जगू शकतो. म्हणून आधी निदान, मग उपचार, आणि ते संपल्यावर निर्णय, हा क्रम पाळायलाच हवा.

पण उपचार संपले असतील तर निर्णय शांत वेळी, दिवसाउजेडी घ्यावा. किती गुणांवर आणि कोणती तीन-चार लक्षणे दिसताच डॉक्टरांना बोलवायचे, हे कुत्रा अजून बरा असतानाच घरातल्यांनी कागदावर लिहून ठेवावे. घरी येणाऱ्या डॉक्टरांचा क्रमांक आणि रात्री उघड्या असलेल्या दवाखान्याचा पत्ता त्याच कागदावर असावा. शरीराचे पुढे काय करायचे हेही आधीच विचारून ठेवावे. मालाडला महापालिकेचीच प्राण्यांसाठी दहनाची सोय आहे. जे ‘निसर्गावर सोपवतात’ त्यांच्यावर हाच निर्णय बहुधा जुलैतल्या एखाद्या रात्री येतो, कुत्रा श्वासासाठी धडपडत असताना, दादरजवळ हिंदमाताला पाणी भरलेले असताना आणि एकही टॅक्सी ओल्या कुत्र्याला घ्यायला तयार नसताना.