‘यादी जुनी झाली’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

नमस्कार, तुमची प्रतिक्रिया वाचली. कडक आहे, पण मुद्देसूद आहे, म्हणून उत्तर जरा ऐसपैस देतोय. थोडक्यात तुमचं म्हणणं असं की कामाच्या छोट्या टूल्सची मी दिलेली यादी दहा वर्षांपूर्वीची वाटते, आता असली किरकोळ टूल्स इन्स्टॉल कोण करत बसतं, जेसन (प्रोग्राम एकमेकांना डेटा देतात तो मजकुराचा साचा) असो नाहीतर टोकन (लॉगिन झाल्याची डिजिटल चिठ्ठी), एखाद्या साइटवर पेस्ट केलं की झालं आणि त्यानेही नाही भागलं तर एआय आहेच. वर फुकटचीच टूल्स निवडलीत म्हणून पुणेरी काटकसरीचा टोमणा. आणि शेवटी, सीएसव्ही (स्वल्पविरामांनी कॉलम पाडलेली साधी फाइल) एक्सेलमध्ये नीट दिसण्याचा माझा उपाय तुमच्याकडे चाललाच नाही अशी तक्रार.

जुनी आहे हे खरंय, मग? कर्ल, म्हणजे कमांड देऊन वेबवरून डेटा आणायचं-पाठवायचं टूल, 1998 पासून त्या नावाने आहे आणि विंडोज 10 मध्ये 2018 पासून मायक्रोसॉफ्टच ते सोबत देतं, म्हणजे तुमच्या मशीनवर ते ऑलरेडी बसलेलं आहे. (जुन्या पॉवरशेलमध्ये, म्हणजे विंडोजच्या कमांड द्यायच्या खिडकीत, नुसतं कर्ल टाइप केलं की भलतीच कमांड चालते, कारण ते नाव तिथे दुसऱ्याच कमांडला टोपणनाव म्हणून दिलंय, मागे डॉट ईएक्सई लावायचं. यावरून हिंजवडीत किती जणांनी डोकं आपटलं असेल देव जाणे.) तुम्ही व्हीएस कोड या कोड एडिटरमध्ये सगळ्या फोल्डरभर सर्च मारता ना, तेव्हा आत रिपग्रेप हे मजकूर शोधायचं टूलच पळत असतं, जे माझ्या यादीत होतं आणि ज्याला तुम्ही ‘काळ्या पडद्यावरचं’ म्हणालात. एव्हरीथिंग हे फाइल शोधायचं टूल इतक्या पटकन शोधतं कारण ते एकेक फोल्डर उघडत फिरत नाही, विंडोजच्या डिस्कवर फाइली मांडायची जी एनटीएफएस पद्धत आहे तिचं जे मुख्य फाइल टेबल असतं तेच थेट वाचतं. ही युक्ती जुनी आहे म्हणून बिघडलेली नाही.

आता पेस्ट करायचा मुद्दा, खरा वाद इथेच आहे. जेसन फॉरमॅट करायला साइट कशाला लागते हेच मला कळत नाही. व्हीएस कोडमध्ये शिफ्ट-ऑल्ट-एफ मारा, फायरफॉक्स तर जेसनची लिंक उघडली की आपणहून नीट मांडून दाखवतो. पण आळस म्हणून आपण काय करतो, ऑफिसच्या एपीआयचा (प्रोग्राम जिथून डेटा मागतो ते दार) सगळा रिस्पॉन्स, त्यात कस्टमरची नावं, मोबाइल नंबर, पत्ते, उचलून अशा साइटवर टाकतो जिचा मालक कोण, सर्व्हर कुठे, काही पत्ता नाही. सेव्हचं बटण दाबलं की त्याची लिंक तयार होते आणि ती पुढे कोणाला सापडेल ते आपल्या हातात राहत नाही. जेडब्ल्यूटी या प्रकारच्या टोकनचं अजून भारी. त्याचे टिंबाने तोडलेले तीन तुकडे असतात, मधला तुकडा नुसता बेस64, म्हणजे तोच मजकूर दुसऱ्या अक्षरांत लिहिलेला, असतो, कुलूप वगैरे काही नाही, तो ब्राउझरच्या कन्सोलमध्येही उलगडता येतो. त्यासाठी अख्खं चालू टोकन परक्या साइटला देणं म्हणजे पत्ता वाचून दे म्हणून अनोळखी माणसाच्या हातात घराची किल्ली ठेवणं.

आणि हे मी उगाच घाबरवायला लिहीत नाहीये. ब्राउझरच्या डेव्हटूल्समध्ये (डेव्हलपरसाठीची आतली अवजारं) रिक्वेस्टवर राइट क्लिक करून ‘कॉपी ॲज कर्ल’ करता येतं, माझं फार आवडतं फीचर, पण त्यात कुकीसुद्धा कॉपी होते. ते जसंच्या तसं टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलंत तर तुमचं लॉगिन झालेलं सेशनच टाकलंत. हार फाइलचं, म्हणजे ब्राउझरच्या सगळ्या रिक्वेस्टच्या रेकॉर्डिंगचं, तेच. ऑक्टोबर 2023 मध्ये ओक्टा या लॉगिनची सेवा देणाऱ्या कंपनीच्या सपोर्ट सिस्टिममध्ये चोर शिरले तेव्हा त्यांच्या हाती लागल्या त्या कस्टमरनी प्रॉब्लेम दाखवायला अपलोड केलेल्या हार फाइली, आणि त्यांच्यात सेशन टोकन होती. पुढच्या वर्षी क्रोमने हार एक्स्पोर्ट करताना कुकी वगैरे आपोआप गाळायला सुरुवात केली.

बरं, सगळ्या ऑनलाइन साइट वाईट असंही मी म्हणत नाही. सायबरशेफ बघा, डेटा उलगडायची-बदलायची साइट, ब्रिटिश सरकारच्या जीसीएचक्यू या गुप्तहेर खात्याने बनवलेलं (हसू नका), 2016 पासून ओपन सोर्स आहे, सगळं काम ब्राउझरच्या आतच करतं आणि पूर्ण पान डाउनलोड करूनही ठेवता येतं. एखादी साइट तशी आहे का हे ओळखायचं सोपं आहे. पान उघडा, डेव्हटूल्सच्या नेटवर्क टॅबमध्ये जाऊन ‘ऑफलाइन’ निवडा आणि मग खोटा डेटा टाकून बघा. काम झालं तर ते तुमच्या मशीनवरच झालं, नाही झालं तर माल बहुधा बाहेर जात होता. खरा डेटा टाकायचाच असेल तर तोही ऑफलाइनच टाका आणि परत ऑनलाइन यायच्या आधी तो टॅब बंद करा. गुरुवारी आमच्याकडे लाइट जाते आणि सोबत वायफायही, त्यामुळे ही परीक्षा आपोआपच होत असते.

एआयबद्दल फार भांडत नाही, रेजेक्स (मजकूर शोधायचे पॅटर्न) मीही त्याच्याकडूनच लिहून घेतो, कोण पाठ करणार ते. पण दोन जीबीची लॉग फाइल (प्रोग्रामच्या नोंदींची) चॅटमध्ये पेस्ट होत नाही, आणि होईल तेवढी केली तरी वरचाच प्रश्न येतो की त्यात कोणाकोणाचं काय काय आहे. रेजेक्स त्याच्याकडून घ्या, चालवा आपल्या मशीनवर, मला तरी हे बरं पडतं.

फुकटचा टोमणा मात्र अर्धा मान्य. फुकट म्हणजे सगळीकडे फुकट नसतं हे लोक विसरतात. इरफानव्ह्यू हा फोटो बघायचा प्रोग्राम घरी फुकट, कंपनीत वापरायचं तर लायसन्स घ्यावं लागतं. डॉकर डेस्कटॉप हे प्रोग्राम वेगळ्या डब्यात (कंटेनरमध्ये) चालवायचं सॉफ्टवेअरही मोठ्या कंपन्यांना पैसे भरूनच वापरावं लागतं, 250 माणसांच्या वर गेलात की आलंच. सेव्हन-झिप हे झिप फाइलींचं टूल ऑफिसातही चालतं, पण ते स्वतःहून अपडेट होत नाही, त्यामुळे लोकांकडे कुठल्या तरी जमान्यातलं व्हर्जन पडून असतं, ते आजच बघा.

आता तुमची सीएसव्ही. सोसायटीच्या मेंबरांची यादी, मराठी नावं, एक्सेलमध्ये उघडली की कचरा, आणि मी सांगितल्याप्रमाणे नोटपॅड प्लस प्लस या एडिटरमध्ये यूटीएफ-8-बॉम (यूटीएफ-8 ही अक्षरं साठवायची पद्धत, बॉम ही ती ओळखू यावी म्हणून फाइलच्या सुरुवातीला लावलेली खूण) करूनही कचराच, बरोबर? त्या कचऱ्याकडे नीट बघा. यूटीएफ-8 मध्ये मराठीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात आणि एक्सेल त्या तिघांना तीन वेगळी इंग्रजी चिन्हं समजून दाखवतं. म्हणून सगळीकडे डोक्यावर तिरकी रेघ असलेला ए दिसतो, आणि ‘मी’ एवढं लिहिलेलं असलं तर त्यातल्या दीर्घ वेलांटीच्या जागी चक्क येन आणि युरोची खूण येते! मूळ फाइल अशी दिसली तरी ती खराब झालेली नसते, बॉम लावलं की एक्सेलला कळतं. पण तुम्ही मधे तो कचरा दिसत असतानाच ‘सीएसव्ही यूटीएफ-8’ म्हणून सेव्ह केलं असणार, आणि मग तो येन-युरोच खरा मजकूर म्हणून फाइलमध्ये पक्का बसला. त्याच्यावर बॉम लावून काही होत नाही.

तेव्हा ज्यांनी पाठवली त्यांच्याकडून मूळ फाइल परत मागवा, डबल क्लिक करू नका, एक्सेल रिकामं उघडून डेटा मेनूतून टेक्स्ट/सीएसव्ही घ्या आणि फाइल ओरिजिनमध्ये 65001, म्हणजे यूटीएफ-8, निवडा. फ्लॅट नंबर शून्याने सुरू होत असतील तर तो कॉलम तिथेच टेक्स्ट करून घ्या, नाहीतर एक्सेल ती शून्यं खाऊन टाकतं आणि मग 002 मधले आजोबा भांडायला येतील. तरी नाही जमलं तर पहिल्या चार ओळी मला मेल करा, नावं आणि नंबर बदलून.